शेवाळ परत आलंय

माझ्या मुलाचा फोन दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता यायचा आणि सात वाजून दोन मिनिटांनी संपायचा. जेवण झालं का, गुडघा कसा आहे, तिकडे थंडी पडली का. मग मीही त्याला तेच विचारायचे, फक्त गुडघा सोडून. त्यानंतर दोघांनाही एकदम काहीतरी काम आठवायचं. "बरं मग," तो म्हणायचा. "बरं," मी म्हणायचे. दोन मिनिटं हे मी अंदाजाने सांगत नाही. फोन ठेवल्यावर आकडा दिसतो आणि मी आकडा बघितल्याशिवाय राहणारी बाई नव्हे.

मी दात बनवते. कवळ्या. दवाखान्यातून लोकांच्या तोंडांचे ठसे येतात, मी त्यात प्लास्टर ओतते, त्यावर मेण चढवते आणि मेणात एकेक दात बसवते. एकतीस वर्षं हेच केलं. ज्याच्यासाठी करते तो माणूस मला कधी दिसत नाही. त्याच्या हिरड्या मात्र मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त माहीत असतात. प्रत्येक साच्यावर नंबर आणि तारीख घालायची, आणि तो तारखेप्रमाणे फळीवर लावायचा, हा आमच्या लॅबचा नियम आहे. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींनी तारखेवरून माझ्या इतक्या शिव्या खाल्ल्यात की त्या स्वतःच्या जेवणाच्या डब्यावरही तारीख घालत असतील.

हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. बापलेकांचं मोठं गूळपीठ होतं. हॉलमधली माशांची टाकी दोघांनी मिळून उभी केली होती. तीन फूट लांब, आत एक वेडंवाकडं लाकूड, लाकडाला बांधलेली रुंद पानांची झाडं, मागे गवतासारखी लांब पाती, आणि निळ्या पट्टीचे चौदा बारके मासे. शिवाय काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या छोट्या कोळंब्या, ज्या नीट बघितल्याशिवाय दिसत नाहीत. रविवारी सकाळी दोघं बाह्या सरसावून टाकीत हात घालून तासन्‌तास बोलत बसायचे. माझ्याकडे रागावायचं खातं होतं. अभ्यास झाला का, पाय पुसून आत ये, ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला, ही वाक्यं माझी. मुलगा मोठा झाला, टॉवेल जागेवर ठेवू लागला, आणि माझ्याजवळ त्याच्याशी बोलायला काही उरलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. जाताना म्हणाला, "दोन महिने टाकी सांभाळ. मोठी जागा मिळाली की नेतो." मी म्हटलं, सांभाळते, त्यात काय. दिवा लावायचा, चिमूटभर दाणे टाकायचे. मोठी जागा काही मिळाली नाही, आणि टाकी राहिली.

संध्याकाळी सहाला लॅबमधून आले की घर खायला उठायचं. म्हणून मी कुलूप उघडल्यावर पहिलं काम टाकीचा दिवा लावायचं करायचे. पुढे पुढे सकाळी जातानाही तो तसाच ठेवू लागले, म्हणजे आल्यावर अंधारात चाचपडायला नको. मासे मला बघून काचेशी गर्दी करायचे. कुणीतरी आपल्याला बघून पुढे येतंय म्हटल्यावर हात आखडता कसा घेणार? मी दाणे टाकायचे. ते पुन्हा यायचे, मी पुन्हा टाकायचे.

मग एक दिवस काचेवर हिरवी साय धरली. पुसली, तर चार दिवसांत परत. मग झाडांवर केसांसारखे हिरवे धागे आले. मग रुंद पानांच्या कडांना काळे झुपके, जणू पानांना दाढी फुटली. प्रत्येक वेळी मी सवयीने फोटो काढून ठेवत होते; शेवटी वैतागून एक मुलाला पाठवला. खाली लिहिलं, "तुझ्या टाकीला बुरशी लागली आहे. काय करू?"

मिनिटाच्या आत फोन वाजला. मंगळवार होता. मंगळवारी त्याचा फोन म्हणजे काहीतरी वाईटच, असं मला वाटलं.

"आई, ती बुरशी नाही, शेवाळ आहे. दिवा किती तास लावतेस?"

"लावते थोडा वेळ."

"थोडा म्हणजे किती?"

"पंधरा तास."

त्याने 'पंधरा' असं स्वतःशीच म्हणून बघितलं. मग म्हणाला, "आई, रोपवाटिका काढलीयेस का? सहा तास. सहाच्या वर एक मिनिट नाही. आणि दाणे?"

दाण्यांचं मी खोटं सांगितलं. त्याला ते लगेच कळलं, कारण बापालाही माझं खोटं लगेच कळायचं. मग प्रकाश जास्त झाला की काय होतं, दाणे कुजून पाण्यात काय उतरतं, झाडांनी खायचं ते शेवाळ कसं खातं, हे तो मला सांगत राहिला. मी हूं हूं करत होते. फोन ठेवला आणि आकडा बघितला. बावीस मिनिटं! मी तो आकडा विझेपर्यंत बघत बसले.

तिथून आमचं नवं सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. कधी रविवारीसुद्धा. मी फोटो पाठवायचे, तो उंटावरून शेळ्या हाकायचा. एक तृतीयांश पाणी दर आठवड्याला बदल. टायमर बसव. खत अर्धं कर. नाही, खत पूर्ण दे, पण रोज थोडं थोडं. मी दात घासायच्या मऊ ब्रशवर हिरवे धागे गुंडाळून काढायचे आणि त्याला किती निघाले ते सांगायचे. आमच्या धंद्यात ब्रश, चिमटे, वाकड्या टोकाच्या सुया यांची कमी नसते. "आई, तुझा हात म्हणजे हात आहे," तो एकदा म्हणाला. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल तो काही बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी लॅबमध्ये मी दिवसभर कुणावर ओरडले नाही, तर मुलींनी मला बरं नाही का म्हणून विचारलं.

शेवाळाच्या आडून तो बाकीचंही बोलायचा. त्याच्या खोलीची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते, हे मला तेव्हाच कळलं. एका रविवारी मी नळीने पाणी काढत होते, फोन स्पीकरवर टेबलावर होता.

"बादली भरली का? बघ. भरत आली की नळी बोटाने दाब."

"दाबते."

"आमचं मोडलं, आई." मग जराही न थांबता, "नळी वर घे, वाळू ओढेल."

मी नळी वर घेतली. ज्या मुलीशी तो लग्न करणार होता तिच्याबद्दल तो बोलत होता. मला काही विचारायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी धीर झाला नसता. मी म्हटलं, "वर घेतली. आता?" तो म्हणाला, "आता पलीकडच्या कोपऱ्यात घाल." आणि आम्ही पलीकडच्या कोपऱ्यात गेलो. पण त्याने मला सांगितलं होतं. दोन मिनिटांच्या फोनमध्ये ते त्याने जन्मात सांगितलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

हिरवं शेवाळ हटलं. काळं हटेना. त्या झुपक्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. ब्रशने घासले तर पान फाटायचं, झुपका तसाच. तो म्हणाला, "धीर धर. औषधं नको टाकू, टाकी आपली आपण सावरते." मला धीर धरता येत नाही. मला कवळीत एका दाताची कड वर राहिलेली चालत नाही, आणि इथे रोज डोळ्यांसमोर पानापानाला काळी दाढी. शेवटी मी त्याला न विचारता माझी अक्कल चालवली. जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड औषधाच्या दुकानात मिळतं. त्याची बाटली आणली. फिल्टर बंद केला, पाणी थांबू दिलं, आणि हिरड्या धुवायच्या वाकड्या टोकाच्या सिरिंजने एकेका झुपक्यावर अगदी थेंब थेंब सोडलं. जास्त झालं तर मासे मरतील म्हणून मापून, दिवसाला चारच पानं. झुपक्यातून बारीक बुडबुडे निघाले. दहा मिनिटांनी फिल्टर सुरू केला. तिसऱ्या दिवशी काळं शेवाळ गुलाबी झालं, मग पांढुरकं, आणि मग कोळंब्यांनी त्यावर ताव मारला.

तीन आठवड्यांत टाकी लखलखीत. पाती सरळ उभी, पानांच्या कडा कापल्यासारख्या स्वच्छ. मी खुर्ची टाकून टाकीसमोर बसले आणि मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की तो कुणाला सांगितल्याशिवाय राहवेना. शनिवारपर्यंतही दम निघाला नाही.

"गेलं," मी फोनवर म्हटलं. "सगळं गेलं. एक झुपका नाही."

"काय सांगतेस! वा! कसं केलंस?"

मी सांगितलं. तो हसला, जरा रागावला, परत हसला. "सुटलीस मग," तो म्हणाला. "आता काही प्रश्नच नाही."

खरंच काही प्रश्न उरला नाही. त्या मंगळवारी फोन आला नाही. गुरुवारी आला नाही. शनिवारी सात वाजता आला. जेवण, गुडघा, थंडी. "टाकी बरी आहे ना?" "बरी आहे." दोन मिनिटंही नाहीत, एक मिनिट पन्नास सेकंद. पुढच्या शनिवारी पावणेदोन. त्याच्या पुढच्या शनिवारी फोन आलाच नाही, रविवारी दुपारी निरोप आला, "काल कामात होतो, सगळं ठीक ना?" मी "ठीक" असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

माणसाला एकटेपणाची सवय होते असं लोक सांगतात. मला झाली होती. मुलगा गेल्यापासून ती चांगली अंगवळणी पडली होती. पण मध्ये ते चार महिने आले आणि ती सवय पार मोडून गेली, आणि आता ती परत लावून घ्यायची माझ्यात ताकद नव्हती. मी घरी यायचे, दिवा सहा तासांचाच, टायमरवर. रात्रीचं जेवण संपायच्या आत तो आपला आपण विझायचा.

आणखी दोन शनिवार असेच गेले. तिसऱ्या शनिवारी तो "बरं मग" म्हणाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शेवाळ परत आलंय."

"हो? कधीपासून?" त्याचा आवाजच बदलला. मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तो बसला. "कुठलं? काळं का? फोटो पाठव बघू."

आता फोटो कुठून आणणार? माझ्यासमोर टाकी आरशासारखी चकचकीत. पण माझ्या फोनमध्ये दोनशे अकरा फोटो होते, तारखेप्रमाणे लावलेले; बरेचसे त्याला पाठवलेच नव्हते. मी पहिल्या दिवसांतला एक काढला, काचेवर जराशी साय, आणि पाठवून दिला.

हे फक्त थोडे दिवस, असं मी मनाशी ठरवलं होतं. आठवड्याभरात खरंच शेवाळ आणायचं, म्हणजे खोट्याचं खरं होईल. तसा प्रयत्नही केला. टायमर काढून टाकला, दिवा बारा तास ठेवला, दाणे मुठीने टाकले. पाचव्या दिवशी एका पानाच्या कडेला पहिला हिरवा धागा दिसला. मी ब्रश घेतला आणि तो काढून टाकला. मग स्वतःवरच चिडले. दुसऱ्या दिवशी दुसरा दिसला, तोही काढला. घाण दिसली की माझा हात गप्प बसत नाही, मी तरी काय करू? वर तो दाण्यांचा ढीग बघून जीव तुटायला लागला, की हे मुके जीव उगाच माझ्यापायी भोगणार. शेवटी टायमर परत बसवला आणि शेवाळ फक्त फोनमध्ये ठेवलं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. अठरा मिनिटं, सव्वीस मिनिटं, एकदा एकेचाळीस. तो जे सांगेल ते मी "केलं" म्हणून सांगायचे. दर आठवड्याला फोटो मागायचा, मी दर आठवड्याला पुढचा पाठवायचे. पुढचा म्हणजे पुढच्या तारखेचा. इथेच मी माती खाल्ली. जरा अक्कल असती तर मागचेपुढचे मिसळून पाठवले असते, एकदा कमी, एकदा जास्त. पण एकतीस वर्षं ज्या बाईने नंबर आणि तारखेबाहेर काही ठेवलं नाही, तिच्या हातून क्रम मोडेल कसा? पहिल्या आठवड्यात साय, मग धागे, मग झुपके, मग मोठे झुपके. त्याच्या डोळ्यांसमोर टाकी दर आठवड्याला मरत चालली होती.

आणि तो बिचारा जिवाचं रान करत होता. कुठल्या कुठल्या जाणकारांना विचारायचा, वाचायचा, जेवणाच्या सुट्टीत टिपणं काढायचा. एकदा म्हणाला, "आई, काल मी स्वप्नातसुद्धा पाणी बदलत होतो." मी हसले. फोन ठेवल्यावर मला स्वतःची लाज वाटली. पण त्याच फोनमध्ये तो हेही म्हणाला होता की तो आता स्वयंपाक शिकतोय, आणि ऑफिसातल्या कुणाशीच त्याचं फारसं पटत नाही. एका पारड्यात लाज, दुसऱ्यात हे. दर वेळी पारडं इकडेच झुकायचं.

मग एका गुरुवारी त्याने नवाच विषय काढला.

"आई, मी विचार केलाय. टाकी काढून टाकू."

"म्हणजे?"

"बंद करू. दुकानदाराशी बोललोय मी, आपण मासे घ्यायचो तेच. रविवारी सकाळी येतील. मासे, कोळंब्या घेऊन जातील, झाडं टाकून देतील, टाकीही नेतील."

"अरे, पण नको ना. मी करतेय की."

"तू काय करतेयस ते बघतोय मी इतके महिने. तुझा गुडघा असा, आणि तू दर आठवड्याला बादल्या उचलतेस. माझ्यामुळे. बाबांची आहे म्हणून मीच धरून बसलो होतो. माझा स्वार्थ होता गं तो. बास आता."

तेव्हाच सांगायला हवं होतं. बाबांची आहे म्हणून, हे तो इतक्या सहज म्हणाला, आणि ती बाबांची टाकी तो माझ्या गुडघ्यासाठी मोडायला निघाला होता. माझा गुडघा ठणठणीत होता. बादली तर मी महिनाभर पूर्ण भरलीच नव्हती, अर्धी अर्धी नेत होते. तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस." मी म्हटलं, "नाही."

रविवारी साडेनऊला दुकानदार आला. चष्मा नाकावर घसरलेला, हातात दोन बादल्या, खांद्यावर पाइपचं वेटोळं, काखेत प्लॅस्टिकच्या पिशव्या. "कुठंय पेशंट?" असं म्हणत हॉलमध्ये शिरला आणि टाकीपुढे थांबला. बादल्या खाली ठेवल्या. चष्मा वर सरकवला. वाकून एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या बाजूने.

"ताई," तो म्हणाला, "मी दुसऱ्या कुणाच्या घरी आलो का?"

मी टेबलावरचं फडकं उचलून घडी करू लागले.

"तुमच्या मुलाने मला फोटो पाठवलेत. हे बघा." त्याने फोन पुढे धरला. माझाच फोटो, काळ्या दाढ्यांचा. "हे काय आणि हे काय! अहो, माझ्या दुकानात असं एक पान नाही." मग त्याने माझ्याकडे बघितलं, परत टाकीकडे बघितलं. माणूस साधा दिसत होता, पण काही वेडा नव्हता. "लोक माझ्यापासून शेवाळ लपवतात, ताई," तो हळू म्हणाला. "असलेलं नाही म्हणून सांगतात. नसलेलं आहे म्हणणारं कुणी मी अजून बघितलं नव्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चहा टाकते म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर आले तर तो तिथेच स्टूलवर बसून मासे बघत होता, कामाला आलेला माणूस आहे हे विसरून. काळं कसं घालवलंत, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. सिरिंज दाखवली. त्याने ती हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि "भले" म्हणाला. एरवी मी फुलून गेले असते.

"मग आता?" चहा संपवून तो म्हणाला. "मी त्याला काय सांगू?"

"काही सांगू नका."

"म्हणजे टाकी न्यायची?"

"नाही."

"ताई, दोन्ही कसं होईल? तो दुपारी मला विचारणार. चांगला पोरगा आहे, त्याच्याशी मी खोटं बोलणार नाही." तो उठला, पाइप खांद्यावर घेतला. दारात थांबला आणि अवघडल्यासारखा म्हणाला, "तुम्हीच सांगा. संध्याकाळपर्यंत मी फोन उचलत नाही त्याचा."

तो गेला. मी फोन हातात घेऊन टाकीसमोर बसले. काय काय बोलायचं ते मनात जुळवलं, मोडलं, परत जुळवलं. शेवाळ आपोआप गेलं असं सांगू का? दुकानदाराने काहीतरी टाकलं आणि गेलं असं? तसं म्हटलं असतं तर आणखी एक खोटं पचलंही असतं. पण मग पुढे काय? पुन्हा पावणेदोन मिनिटं, आणि पुन्हा केव्हातरी दुसरं शेवाळ शोधायचं. मला त्याचा कंटाळा आला. खरंच सांगते, भीतीपेक्षा कंटाळाच जास्त आला. मी नंबर लावला.

"आई? नेली का टाकी?"

"नाही."

"आले नाहीत का ते?"

"आले होते. परत पाठवलं." मग मी एका दमात म्हटलं, "शेवाळ नाहीये."

"नाहीये म्हणजे? गेलं?"

"तेव्हाच गेलं. तुला सांगितलं होतं ना पहिल्यांदा, तेव्हा. परत आलंच नाही."

तिकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

"मग फोटो?"

"जुने. माझ्याकडे तारखेप्रमाणे होते."

मग तो भडकला, आणि त्याला भडकायचा पूर्ण हक्क होता. "आई, मी तीन महिने त्या शेवाळापायी डोकं फोडतोय! लोकांना विचारून विचारून हैराण केलंय. मी बाबांची टाकी काढायला निघालो होतो! का? असं का केलंस तू?"

मी नेहमी त्याच्या आवाजावर आवाज चढवते. या वेळी चढवला नाही.

"तू फोन करत होतास म्हणून," मी म्हटलं. "शेवाळ होतं तेव्हा करत होतास. गेलं तेव्हा बंद केलास. मला इथे फार एकटं वाटतं रे."

हे वाक्य मी आयुष्यात कुणापुढे बोलले नव्हते. ह्यांच्यापुढेही नाही.

"मग सांगायचं ना," तो म्हणाला. राग होता, पण आवाज फाटला होता. "फोन करत जा म्हणून सांगायचं."

"सांगितलं असतं तर केला असतास. दोन मिनिटं."

मला वाटलं, त्याने फोन ठेवला. तरी मी कानाला लावूनच होते.

"मला येत नाही गं, आई," शेवटी तो म्हणाला. "तुझ्याशी काय बोलायचं ते मला येतच नाही. दर शनिवारी सात वाजायच्या आधी मी कागदावर लिहून काढतो, काय काय विचारायचं ते. तीन प्रश्नांच्या पुढे मला सुचत नाही. मग तू 'बरं' म्हणतेस, तर मला वाटतं तुलाच घाई आहे."

एकतीस वर्षांचा घोडा, कागदावर लिहून काढतो. आईशी बोलायला. मी पदराने डोळे पुसले आणि काही म्हणायला गेले, तर माझ्याकडे तरी काय होतं? जेवलास का, एवढंच आलं ओठांवर.

"मग आता काय बोलायचं?" त्याने विचारलं. चिडून नाही. खरंच विचारत होता.

त्याच्याकडे कशावर तरी कशाचा तरी आवाज झाला, ताटलीवर ताटली ठेवल्यासारखा.

"काय करतोयस?"

"भांडी घासत होतो."

"किती आहेत?"

"आठवड्याची."

आठवड्याची! माझी जीभ शिवशिवली, पण मी ती आवरली.

"घास मग," मी म्हटलं. "फोन ठेव तिथे कुठेतरी बाजूला, बोलू नकोस. बंद मात्र करू नकोस."

त्याने फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. मग नळ सुरू झाला. चमचे, मग पेले, मग काहीतरी जड, बहुतेक कढई, तिला तो बराच वेळ घासत होता. मधेच पाणी थांबलं.

"आहेस ना?" तो लांबून म्हणाला.

"आहे," मी म्हटलं, आणि पाणी परत सुरू झालं.